जुन्या पात्याला नवा दांडा

कुऱ्हाडीचे पाते नीट वापरले तर शंभर वर्षेही टिकते. दांडा तेवढा टिकत नाही. तो चुकलेल्या घावाने मोडतो, ओल्या जागी कुजतो, उन्हाळ्यात आकसून सैल पडतो. त्यामुळे लोहाराने पाते घडवले की कुऱ्हाड पुरी झाली, असे कधीच होत नाही. तिचा लाकडी अर्धा भाग वापरणाऱ्याला पुन्हा पुन्हा नव्याने करावा लागतो. या पुस्तकाचा विषय तो लाकडी भाग आहे: लाकूड कसे निवडायचे, त्याला आकार कसा द्यायचा आणि तो जुन्या पात्याच्या नेढ्यात, म्हणजे आरपार छिद्रात, कसा बसवायचा. उदाहरणे मुख्यतः उत्तर अमेरिकेतील कुऱ्हाडींची घेतली आहेत. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात तिथे पात्याइतकीच काळजी दांड्याचीही घेतली गेली, आणि त्या काळातील उत्तम पाती आज दांड्याविना मोठ्या संख्येने शिल्लक आहेत.

लाकूड आणि पाते एकमेकांना धरून कसे ठेवायचे हा प्रश्न लोखंडाहून जुना आहे. १९९१ मध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्स पर्वतातील बर्फात इ. स. पूर्व ३३००च्या सुमाराचा एक मानवी देह सापडला. त्याच्याजवळची कुऱ्हाड दांड्यासह शाबूत होती. पाते तांब्याचे, दांडा यू वृक्षाच्या लाकडाचा, सुमारे ६० सेंटिमीटर लांबीचा. दांड्याच्या वाकलेल्या टोकाला खाच करून तिच्यात पाते बसवले होते, बर्च झाडापासून काढलेल्या डांबराने चिकटवले होते आणि वरून चामड्याच्या पट्टीने आवळले होते. महाराष्ट्रात संगमनेरजवळ जोर्वे येथे १९५०-५१ च्या उत्खननात तांब्याच्या सहा कुऱ्हाडी मिळाल्या. त्याही सपाट आहेत, त्यांना छिद्र नाही. असे पाते लाकडाच्या खाचेत धरून बांधण्यावाचून गत्यंतर नसते, आणि प्रत्येक घावानिशी ते मागे रेटले जाऊन दांडा चिरू पाहते. पात्यालाच आरपार नेढे पाडण्याची युक्ती साधली तेव्हा हा दोष गेला. आता लोखंडाने लाकडाला वेढले होते आणि घावाचा मार नेढ्याच्या भिंती झेलू लागल्या. मात्र त्याबरोबर एक नवी अडचण आली. लोखंडाचा वेढा आहे तेवढाच राहतो आणि आतले लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगते, आकसते. दांडा बसवण्याची सगळी विद्या या एका अडचणीभोवती उभी आहे.

युरोपातून अमेरिकेत गेलेल्या वसाहतकऱ्यांच्या कुऱ्हाडींना तुंबा, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूचा जड भाग, जवळजवळ नसे. नेढ्यामागे लोखंडाची पातळ पट्टी आणि पुढे लांबट पाते, अशी त्यांची घडण होती. सारे वजन दांड्याच्या पुढे आल्याने अशी कुऱ्हाड हातात डोलते. अठराव्या शतकात तिथल्या लोहारांनी पाते आखूड केले आणि नेढ्यामागे जड तुंबा ठेवला. वजन दांड्याच्या दोन्ही अंगांना वाटले गेले, घाव सरळ पडू लागला आणि मोठी झाडे पाडण्याचे काम पुष्कळ हलके झाले. पुढे पात्यांचे कारखाने निघाले. कनेक्टिकट राज्यात १८२६ मध्ये सुरू झालेली कॉलिन्स कंपनी ही त्यांतली फार नावाजलेली. तोवर कुऱ्हाड विकत घेणाऱ्याला धार स्वतः लावून घ्यावी लागे; कॉलिन्सने धार लावलेली, वापरायला तयार कुऱ्हाड बाजारात आणली. नंतर फिलाडेल्फियाची प्लंब, वेस्ट व्हर्जिनियातील केली अशा कंपन्या मोठ्या झाल्या. या काळातील पुष्कळशा पात्यांचे अंग मऊ लोखंडाचे असे आणि धारेपुरते पोलाद त्यात तापवून, ठोकून जोडलेले असे. गालांवर, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंवर, मध्यभागी हलका फुगवटा ठेवला जाई, म्हणजे पाते लाकडात रुतून बसत नसे. हे सर्व आजच्या स्वस्त पात्यांत क्वचितच सापडते, आणि जुन्या पात्यासाठी कष्ट घेण्याचे तेच खरे कारण आहे.

दांड्याचाही कारखाना झाला. थॉमस ब्लँचर्ड या कारागिराने १८१९ मध्ये एका लेथचे पेटंट घेतले. नमुन्यावर फिरणारे एक चाक आणि त्याच्या हालचालीप्रमाणे लाकूड कापणारे दुसरे, अशी त्याची रचना होती. बंदुकीचे दस्ते करण्यासाठी काढलेल्या या यंत्राने पुढे कुऱ्हाडीचे दांडेही होऊ लागले. तोवर दांडे बहुधा सरळ असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर एकधारी कुऱ्हाडीला बाकदार दांडा आणि टोकाला पुढे झुकलेली फुगीर मूठ हा आकार रूढ झाला. अमेरिकेतले लोक त्या मुठीला हरणाच्या पाडसाचे पाऊल म्हणतात. दुधारी कुऱ्हाडीचा दांडा मात्र सरळच राहिला. ती हातात फिरवून दोन्ही धारांनी वापरायची असल्याने दुसरा आकार तिला चालतच नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर यांत्रिक करवत जंगलात पोहोचली आणि कुऱ्हाडीचा धंदा बसला. कॉलिन्स कंपनी १९६६ मध्ये बंद झाली. कोठारांत, तळघरांत, जुन्या बाजारांत पाती पडून राहिली. तरीही ही विद्या नष्ट झाली नाही, त्याला एक कायदाही कारण झाला. अमेरिकेच्या १९६४ च्या वनक्षेत्र कायद्याने राखीव रानांत यंत्रे वापरायला मनाई केली. तिथल्या पायवाटांवर पडलेली झाडे आजही हाताच्या करवतीने आणि कुऱ्हाडीनेच बाजूला करावी लागतात. म्हणून त्या देशाच्या वनखात्याने १९९९ मध्ये कुऱ्हाडीवर एक सचित्र माहितीपुस्तिका काढली. दांडा बसवण्याविषयी ज्याला शिकायचे आहे त्याने ती जरूर वाचावी. अनुभवी हातांनी लिहिलेली आहे.

आता मूळ गोष्टीकडे, म्हणजे नेढ्याकडे, वळले पाहिजे. टिकावाचा दांडा वरून सरकवतात. त्याचे वरचे टोक जाड असते आणि टिकाव जितका आपटावा तितका तो त्यावर घट्ट बसतो. पाचरीची गरजच पडत नाही. अमेरिकी कुऱ्हाडीचा दांडा याच्या उलट, खालून वर घालतात. तिचे नेढे लांबट असते. साडेतीन पौंडी, म्हणजे सुमारे १.६ किलोच्या पात्याला ते साधारण ६० मिलिमीटर लांब आणि १९ मिलिमीटर रुंद भरते. ते आरपार एकसारखे नसते. मध्ये किंचित अरुंद आणि खाली-वर दोन्ही तोंडांशी रुंद असते. दांड्याचा नेढ्यात जाणारा भाग, म्हणजे कुसू, खालच्या उतारावर घट्ट चढतो, त्यामुळे पाते मुठीकडे घसरू शकत नाही. वर आल्यावर त्याच्या चिरेत पाचर मारली की लाकूड वरच्या रुंद तोंडात पसरते, त्यामुळे पाते पुढे उडूनही जाऊ शकत नाही. पाचर फक्त कुलूप लावते. पात्याला धरून ठेवण्याचे काम कुसू आणि नेढ्याच्या भिंती यांच्या अंगाला अंग भिडण्यातून होते. ज्याची बसवणी पोकळ आहे त्याने कितीही मोठी पाचर ठोकली तरी आठवड्याभरात पाते हलू लागते. हे पुस्तक बसवणीवर एवढी पाने खर्च करते ते यामुळे.

हे काम हातानेच, त्या त्या पात्यापुरते करावे लागते, कारण जुनी नेढी एकसारखी नाहीत. हाताने घडवलेले नेढे तर वेगळे असतेच. पण एकाच कारखान्याच्या, एकाच वजनाच्या दोन पात्यांतही फरक सापडतो. शिवाय तुंब्याने खुंट्या, पाचरी, खिळे ठोकल्याने नेढे आत दबलेले असते. अमेरिकी कुऱ्हाडीचा तुंबा मऊ असतो, तो हातोड्यासारखा वापरण्यासाठी केलेलाच नव्हता. त्यामुळे बाजारात मिळणारा तयार दांडाही घरी आणून तासावाच लागतो. कारखानदार कुसू मुद्दाम जाड ठेवतो, आणि ते योग्यच आहे.

लाकडाच्या बाबतीत अमेरिकी कुऱ्हाडीचे भाग्य असे की तिच्या दारातच हिकरी उगवत होती. या प्रजातीची बहुतेक झाडे उत्तर अमेरिकेतच आहेत. हिमयुगापूर्वी ती युरोपातही होती, पण तिथून नामशेष झाली. जड, चिवट, वाकून पुन्हा सरळ होणारे आणि आचका सोसणारे असे हे लाकूड आहे. शॅगबार्क जातीच्या वाळलेल्या हिकरीचे विशिष्ट गुरुत्व ०.७२ च्या आसपास असते, तर अमेरिकी पांढऱ्या अ‍ॅशचे ०.६०. युरोपात कुऱ्हाडीला अ‍ॅशचाच दांडा पूर्वापार लागत आला, आणि तोही उत्तम असतो. मात्र अ‍ॅशवर आता दोन संकटे आहेत. युरोपात १९९०च्या दशकापासून एक बुरशी ही झाडे मारत आहे, आणि अमेरिकेत २००२ मध्ये आढळलेल्या आशियाई भुंग्याने कोट्यवधी झाडे संपवली आहेत.

हिकरीविषयी एक गैरसमज फार काळ चालला. बाहेरचे पांढरे लाकूड बळकट आणि गाभ्याचे लालसर लाकूड कच्चे, असे मानून लाल दांडे स्वस्तात विकले जात. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे १९१० मध्ये सुरू झालेल्या सरकारी वन-उत्पादन प्रयोगशाळेने चाचण्या घेऊन दाखवून दिले की वजन सारखे असेल तर लाल आणि पांढऱ्या हिकरीच्या बळात फरक नसतो. बळ ठरते ते घनतेवर. हिकरीच्या प्रत्येक वलयात वसंतात वाढलेला सच्छिद्र थर पातळ असतो आणि उन्हाळ्यात वाढलेला घट्ट थर उरलेली जागा भरतो. म्हणून वलये रुंद असतील तर घट्ट लाकडाचे प्रमाण वाढते, आणि वलये अगदी दाट, अरुंद असतील तर दांडा हलका आणि ठिसूळ निघतो. देवदारासारख्या सूचिपर्णी लाकडाची सवय असलेल्या माणसाला हे उलटे वाटते, पण दांडे निवडताना हाच नियम धरावा.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे रेषा. लाकडाचे तंतू दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेले पाहिजेत. ते तिरके होऊन बाजूने बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच फाटणार. त्याच प्रयोगशाळेच्या आकड्यांनुसार तंतू २० मापांत १ माप तिरके गेले तर आघात सोसण्याची ताकद सरळ लाकडाच्या सुमारे ९० टक्के राहते. १० मापांत १ गेले तर ६२ टक्के, आणि ५ मापांत १ गेले तर अवघी ३६ टक्के. डोळ्याला न खुपणारा तिरपेपणा निम्म्याहून अधिक ताकद खातो. म्हणून जुने कारागीर दांड्यासाठी ओंडका करवतीने कापत नसत, पाचरींनी फोडत. करवत सरळ रेषेत जाते, तंतू कुठेही वळोत. फोडलेले लाकूड मात्र तंतूंच्याच मागे जाते, आणि जो तुकडा हाती येतो त्यात ते अखंड असतात. दांड्याच्या टोकाकडून पाहिल्यास वलयांच्या रेघा पात्याच्या दिशेने उभ्या असाव्यात, असाही नियम सांगितला जातो. तो पाळावा, पण टोकाशी वलये उभी आणि मध्यावर तंतू बाहेर पडलेले, असा दांडा घेण्यापेक्षा वलये थोडी कलती आणि तंतू अखंड असलेला दांडा केव्हाही अधिक भरवशाचा. दुकानात दांडा निवडताना पुष्कळ लोक फक्त टोक पाहतात. त्यांनी दांडा आडवा धरून त्याची सारी लांबी न्याहाळावी. गाठ असलेला दांडा, विशेषतः नेढ्याजवळ किंवा बाकावर गाठ असलेला, घेऊच नये.

ज्यांच्यापर्यंत हिकरी पोहोचत नाही त्यांना या नियमांचा उपयोग आपापल्या रानातील लाकडावर करता येतो. महाराष्ट्रात धावडा, तिवस आणि बाभूळ ही अवजारांच्या दांड्यांची जुनी लाकडे आहेत. गावचा सुतार बलुत्यावर जे दांडे घालून देई ते बहुधा यांतलेच. धावडा आणि तिवस ही दोन्ही लाकडे आचक्याला पुरून उरणारी आहेत. धावड्याचा तर गाड्यांच्या आसासाठी उपयोग होई. बाभूळ सहज मिळते, पण तिचा सरळ, बिनगाठीचा तुकडा शोधावा लागतो. साग या कामाला घेऊ नये. टेबल-खुर्च्यांसाठी तो श्रेष्ठ आहे, पण आघाताने तो तुटतो. घिसाडी लोहाराकडून घेतलेल्या गोल नेढ्याच्या कुऱ्हाडीला आणि लांबट नेढ्याच्या अमेरिकी कुऱ्हाडीला दांड्याचा आकार वेगळा लागतो. तंतूंचा नियम दोन्हींना एकच.

लाकूड निवडले तरी ते वाळल्याशिवाय हात लावू नये. वाळताना लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण आडव्या अंगाने पुष्कळ आकसते. शॅगबार्क हिकरी ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या आडवी सुमारे ७ टक्के आणि वलयांच्या दिशेने १०.५ टक्के आकसते. घरात वापरायच्या कोरडेपणापर्यंत, म्हणजे ८ टक्के ओलाव्यापर्यंत, यातला जवळजवळ पाऊण भाग होतो. ओल्या लाकडाचे कुसू १९ मिलिमीटरच्या नेढ्यात घट्ट बसवले तर वाळल्यावर रुंदीत जवळपास १ मिलिमीटर फट पडेल, आणि ६० मिलिमीटरच्या लांबीत ४ मिलिमीटरहून अधिक. एवढी फट कोणतीही पाचर भरून काढू शकत नाही. फोडलेले लाकूड टोकांना मेण किंवा रंग लावून सावलीत वर्षभर ठेवावे. तासण्यापूर्वी कुसूचा भाग आणखी काही आठवडे घरातील सर्वांत कोरड्या जागी राहिला तर उत्तम.

पाते सैल झाले की कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवायची, ही पद्धत जगभर आहे आणि महाराष्ट्रातल्या शेतांवरही सर्रास दिसते. सकाळी पाते घट्ट असते, म्हणून माणसाला उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात फुगलेल्या लाकडाला लोखंड जागा देत नाही, त्यामुळे भिंतीलगतचे तंतू चेपले जातात. पुन्हा वाळल्यावर ते आधीच्याहून लहान होतात आणि फट वाढते. असे चार-पाच वेळा केले की कुसू निकामी होते. सैल पाते पुन्हा पक्के करायचे तर ते कोरडे करून, दांड्याच्या टोकावर ठोकून वर चढवून नवी पाचर मारणे हाच मार्ग आहे.

जुना दांडा काढताना आगीचा मोह टाळलाच पाहिजे. नेढ्यातले लाकूड जाळून काढणे सोपे असते, म्हणून कित्येक उत्तम पाती अशीच खराब झाली. धारेच्या पोलादाला पाणी देऊन आणि उतरवून जो कडकपणा आणलेला असतो तो सुमारे २०० अंश सेल्सियसपुढे कमी होऊ लागतो, आणि निळी छटा दिसेपर्यंत तापलेली धार मऊ पडते. त्याऐवजी दांडा पात्याखाली करवतीने कापावा, वरून ड्रिलने लाकडात भोके पाडावीत आणि उरलेला भाग जाड सळईने खालून वर ठोकून काढावा. वरचे तोंड रुंद केलेले असल्याने तो वरूनच मोकळा होतो, पण आधी पाचर आणि तिच्यातले लोखंडी तुकडे भोके पाडून सैल करावे लागतात. मग नेढे आतून पाहावे. भिंतीला तडा असेल तर ते पाते कामाला घेऊ नये, भिंतीवर लावावे. दबलेला भाग आणि नेढ्याच्या कडांवरचे धारदार ओरखडे कानसेने काढावेत, नाहीतर तेच ओरखडे नव्या दांड्याचे तंतू कापतात. गंज व्हिनेगरमध्ये बुडवून किंवा तारेच्या ब्रशने जातो. ग्राइंडरने पाते चकचकीत करणे मात्र चुकीचे आहे. त्याने कारखान्याची मोहोर पुसते, गालांचा फुगवटा जातो आणि पातळ धार तापून मऊ होते.

बसवणीचे काम सावकाश, थोडे थोडे करायचे असते. नेढ्याच्या भिंतींना आतून काजळी किंवा पेन्सिलीची भुकटी लावावी, कुसू जाईल तेवढे आत घालावे, बाहेर काढावे आणि जिथे काळे डाग पडले तेवढाच भाग कानसेने घासावा. पुन्हा घालावे, पुन्हा काढावे. सुरुवातीला डाग दोन-तीन ठिकाणी पडतात. काम पुरे होत आले की सगळीकडे सारखे पडू लागतात. याला घाई चालत नाही, कारण जास्त निघालेले लाकूड परत येत नाही. दांडा आत ठोकण्यासाठी पाते घट्ट धरून त्यावर घाव घालायचे नसतात. कुऱ्हाड पाते खाली करून हातात लोंबती धरायची आणि दांड्याच्या मुठीच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोके द्यायचे. जड पाते आपल्या जडत्वाने जागीच राहते आणि हलका दांडा त्यात सरकत जातो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला पाते हवेत असूनही दांड्यावर चढताना दिसते आणि नवल वाटते, पण यापेक्षा सारखा दाब दुसऱ्या कशानेही बसत नाही. दांड्याचा खांदा नेढ्याच्या खालच्या तोंडाशी टेकला आणि कुसू वर ३ ते ६ मिलिमीटर बाहेर आले की बसवणी झाली. हा बाहेर आलेला भाग कापून सपाट करण्याची सवय आहे. तो राहू द्यावा. पाचरीने पसरलेले हे लाकूड पात्याला वरून आणखी एक आधार देते.

पाचर मारण्यासाठी कुसूला आधीच करवतीने नेढ्याच्या लांबीच्या दिशेने चीर द्यावी. चीर नेढ्याच्या उंचीच्या दोन तृतीयांश खोल असावी. कमी असेल तर पाचर वरच्या तोंडाशीच अडते, जास्त असेल तर दांडा खांद्यापाशी फाटण्याचा धोका असतो. पाचर लाकडाचीच, नेढ्याच्या लांबीएवढी रुंद आणि हळूहळू निमुळती होणारी करावी. ती फार बोथट असेल तर टोक चिरेच्या तळाला पोहोचण्याआधीच घट्ट होते, आणि फार पातळ असेल तर तळाला टेकते पण लाकूड पसरवत नाही. अमेरिकी कारागीर बहुधा पॉप्लरसारखे दांड्यापेक्षा मऊ लाकूड घेतात, कारण ते दबून फटीत भरून बसते. या पाचरीवर आडवी लोखंडी पाचर मारावी की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत. लोखंडी पाचर तंतू कापते, गंजते आणि पुढच्या वेळी दांडा काढताना ड्रिल बोथट करते. बसवणी चांगली असेल तर तिची गरज नसते, आणि ती नसावी हेच या पुस्तकाचे मत आहे. सरसाबद्दलही तेच. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्लंब कंपनीने पाते आणि दांडा यांच्यामध्ये लाल, रबरासारखे एक द्रव्य भरायला सुरुवात केली होती. त्याने हाताने बसवण्याचे कष्ट वाचले, आणि दांडा मोडल्यावर तो बदलण्याचे कष्ट वाढले.

पाते बसले तरी ते योग्य दिशेने बसले का, हे पाहणे बाकी असते. मुठीकडून डोळा लावून पाहिले तर धार दांड्याच्या मध्यरेषेत यायला हवी. किंचित वाकडे असेल तर पाचर मारण्यापूर्वीच कुसूच्या एका बाजूने लाकूड काढून ते सुधारता येते. पाचरीनंतर इलाज नाही. दुसरी कसोटी झुकावाची. कुऱ्हाड सपाट टेबलावर अशी ठेवावी की धार आणि मुठीचे टोक दोन्ही टेकतील. धारेचा मध्य किंवा त्याहून जरा खालचा, मुठीकडचा भाग टेबलाला लागला तर झाडाच्या खोडात घाव नीट बसतो. वरचे टोक लागत असेल तर पाते मुठीकडे जास्त झुकले आहे, असे समजावे. प्लंबने १९२९ मध्ये पीटर मॅक्लारेन या विख्यात लाकूडतोड्याच्या नावाने काढलेल्या छोट्या पुस्तिकेतही अशा तपासण्यांना जागा दिली होती. लांबीबद्दल रूढ माप असे: साडेतीन पौंडी झाडतोड कुऱ्हाडीला ३६ इंच, सव्वादोन पौंडी लहान कुऱ्हाडीला २८ इंच, हातकुऱ्हाडीला सुमारे १४ इंच. कमी उंचीच्या माणसाने ३६ इंचांचा हट्ट धरू नये. आखूड दांड्याने जोर थोडा कमी मिळतो, नेम मात्र चांगला लागतो.

आता दांड्याच्या अंगाविषयी. जुने दांडे आणि आजचे दुकानातले दांडे शेजारी ठेवले तर पहिला फरक जाडीत दिसतो. शंभर वर्षांपूर्वीचे दांडे मध्यभागी बारीक असत, आज ते जाड, गुळगुळीत आणि रोगणाने चकाकणारे असतात. जाड दांडा जास्त बळकट वाटतो, पण तो वाकत नाही, आणि घावाचा सारा आचका मनगटात आणि कोपरात येतो. बारीक दांडा क्षणभर लवतो आणि आचका स्वतः शोषतो. म्हणून विकत घेतलेला दांडाही मध्यावर तासून घ्यावा. छेद अंडाकृती ठेवावा, लांब अक्ष धारेच्या दिशेने. त्यामुळे डोळे मिटूनही धार कुठे आहे ते हाताला कळते. जाडी २२ ते २५ मिलिमीटर आणली तर बहुतेक हातांना ती मानवते. मुठीजवळ आणि नेढ्याखाली मात्र थोडे जादा लाकूड ठेवावे. मुठीमुळे हात घसरत नाही, आणि घाव चुकला की पहिला तडाखा नेढ्याखालच्या भागालाच बसतो. तासण्यासाठी दोन मुठींचा, स्वतःकडे ओढायचा ड्रॉनाइफ, मग खडबडीत दात्यांची लाकडाची कानस, आणि शेवटी पत्र्याची खरवडणी एवढे पुरे. गावाकडचे सुतार शेवटचे खरवडणे फुटलेल्या काचेच्या ताज्या कडेने करतात, तेही तितकेच चांगले. सँडपेपरने अगदी गुळगुळीत केलेला दांडा घामाने निसटतो. कानसेची बारीक खरखर राहू द्यावी.

रोगण काढून टाकून जवसाचे तेल लावावे. एक हात लावून जिरू द्यावे, वरचे पुसून घ्यावे, असे काही दिवस करावे. कुसूच्या वरच्या उघड्या टोकाला सर्वांत जास्त तेल पाजावे, कारण ओलावा तिथूनच आत-बाहेर होतो. एक सूचना गांभीर्याने पाळली पाहिजे. जवसाचे तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडते. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकते. ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.

नव्या दांड्याची कुऱ्हाड पहिल्या दिवशी पूर्ण जोराने चालवू नये. पन्नास-साठ हलके घाव घातल्यावर कुसू आणि नेढे यांचे एकमेकांशी जमते, मग पाते किंचित हलते का ते पाहावे आणि गरज पडल्यास मोगरीचे चार ठोके आणखी द्यावेत. पुढेही प्रत्येक वेळी काम सुरू करण्याआधी पाते तपासणे हा नेम ठेवावा. उडालेले पाते समोरच्या माणसाचा जीव घेऊ शकते. नवशिक्या वाचकाने सुरुवात दोन-सव्वादोन पौंडांच्या लहान पात्यापासून करावी. त्याचा दांडा आखूड असतो, लाकूड कमी लागते, आणि बसवणी चुकली तर नवा तुकडा तासायला एक दुपार पुरते. मोठे, जुने, नावाजलेल्या कारखान्याचे पाते हाती असेल तर ते तेलाने पुसून, कोरड्या जागी ठेवून द्यावे आणि दोन-तीन लहान दांडे घट्ट बसवून झाल्यावरच त्याला हात घालावा.